प्राथमिक शाळेचे ग्रंथालय

लिहिता-वाचता येणे आणि वाचीत असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. अक्षरओळख झालेल्या मुलाच्या हाती क्रमिक पुस्तकाखेरीज काहीच पडले नाही, तर शाळा सुटल्यावर थोड्याच वर्षांत ती अक्षरे त्याला परकी होऊ लागतात. शिक्षणावरील खर्च व श्रम मग व्यर्थ जातात.

हे मर्म बडोदे संस्थानात फार लवकर ओळखले गेले. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानास लागू केला. परंतु सक्तीने मूल शाळेत आणता येते. वाचनाची गोडी सक्तीने लावता येत नाही. म्हणून १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून ग्रंथालयांची व्यवस्था उभारण्यात आली. गावोगावी वाचनालये निघाली आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांतून फिरू लागल्या.

बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानेही प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे व त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींची पुस्तके असावीत, असा दंडक घातला आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी पुस्तके येतात, नोंदवहीत चढतात आणि कपाटातच राहतात. हा दोष शिक्षकाच्या अनास्थेचाच असतो असे नाही. हरवलेल्या पुस्तकाचा जाब त्याला द्यावा लागतो. न वाचलेल्या पुस्तकाचा जाब मात्र कोणी विचारीत नाही! अशा स्थितीत कुलूप लावणे हेच शहाणपणाचे ठरते. ग्रंथ हे उपयोगासाठी असतात, हा डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथबद्ध केलेल्या पाच सूत्रांपैकी पहिला सिद्धान्त येथेच मोडतो.

वास्तविक या ग्रंथालयास स्वतंत्र दालनाची किंवा मोठ्या संग्रहाची आवश्यकता नाही. मुलांचा हात पोचेल अशी एक फळी, आठवड्यातून एक ठरलेला तास आणि मुलांनीच सांभाळलेली देवघेवीची वही, एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. लहानांना शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवावे. मोठ्यांना आपले पुस्तक आपणच निवडू द्यावे. क्रमिक पुस्तक सर्वांना सारखेच असते. ग्रंथालयात मात्र एकाला पक्ष्यांचे पुस्तक आवडते, दुसऱ्याला आगगाडीचे, तिसऱ्याला राजाराणीचे. मुलाची स्वतंत्र रुची प्रथम येथेच दिसून येते. ज्या घरात एकही पुस्तक नाही, तेथे मुलाने नेलेले पुस्तक आजीही ऐकते.

काही पुस्तके फाटतील, काही हरवतीलही. पाटी फुटते, खडू झिजतो, हे आपण शिक्षणाचा भाग म्हणून मान्य करतोच. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने कपाटातील पुस्तके मोजण्यापूर्वी देवघेवीची वही उघडून पाहावी, म्हणजे शिक्षकाच्या मनातील भीती जाईल आणि कपाटाचे कुलूपही निघेल.