कंबरेला करंट: परळ ते बंगळुरू

रस्त्यावर विजेचे दिवे लावणारं देशातलं पहिलं शहर म्हणून बंगळुरू १९०५ सालापासून मिरवतं. आज त्याच शहरात जयनगर, मल्लेश्वरम किंवा व्हाइटफील्डच्या गल्लीबोळांत फिजिओथेरपीच्या पाट्या दिसतात आणि पडद्याआड तीच वीज माणसांच्या कंबरेत सोडलेली असते. पालथा पडलेला माणूस, पाठीवर ओल्या स्पंजचे चार पॅड, वरून आवळलेला पट्टा. फिजिओ बटण हळूहळू फिरवत विचारते, ‘मुंग्या आल्या? जास्त झालं तर लगेच सांगा.’ कन्नडात, हिंदीत, आणि ती बेळगावची नि पेशंट कोल्हापूरचा असला तर चक्क मराठीत. पंधरा मिनिटांनी मशीन वाजतं, तो उठतो आणि म्हणतो, बरं वाटतंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशी दहा सिटिंग.

हे काम करणारी माणसं भारतात रीतसर तयार व्हायला लागली ती परळला. मुंबईत पोलिओची मोठी साथ येऊन गेली होती. तेव्हा १९५३ मध्ये केंद्र सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची देशातली पहिली शाळा काढली. लुळ्या पडलेल्या पोरांना पुन्हा उभं करणं हे तिचं पहिलं काम. पुढे पोलिओ हटला. फिजिओथेरपी आणि तिची मशिनं मात्र राहिली, आणि त्यांच्यासमोर पाठदुखीवाले येऊन पडले.

दुखण्यावर वीज वापरण्याला शास्त्राचा भक्कम टेकू मिळाला १९६५ मध्ये. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं, की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर एक फाटक असतं; स्पर्शाचे, दाबाचे संदेश जोरात आले तर ते वेदनेला अडवू शकतं. लागलेली जागा आपण चोळतो ती उगाच नाही. दोनच वर्षांनी वॉल आणि विल्यम स्वीट यांनी सौम्य करंट आधी स्वतःच्या नसांवर आणि मग रुग्णांवर लावून पाहिला. सत्तरच्या दशकात खिशात मावेल एवढं ‘टेन्स’ मशीन आलं. व्हिएन्नाच्या हान्स नेमेक यांचं ‘आयएफटी’ त्याच्याही आधीचं, पन्नासच्या दशकातलं. त्यात दोन करंट शरीरात एकमेकांना छेदतात आणि त्यांच्या वारंवारितेतल्या फरकाचा ठोका आत जाणवतो. कल्पना देखणी आहे, यात वाद नाही.

बंगळुरूत या कल्पनेला गिऱ्हाईक आयतं मिळालं. पुण्यात जन्मलेली इन्फोसिस १९८३ मध्ये इथे आली, मागोमाग इतर कंपन्या आल्या, आणि महाराष्ट्रातल्या इंजिनियर पोरांची रीघ लागली. दिवसभर खुर्ची, येता-जाता सिल्क बोर्डच्या सिग्नलवर गाडीत बसणं. १९९६ मध्ये राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ निघालं आणि त्याच्या छत्राखालच्या फिजिओथेरपी महाविद्यालयांत पदव्युत्तर प्रबंधांसाठी कंबरदुखी हा हुकमी विषय होऊन बसला. आयएफटी चांगलं की टेन्स? बऱ्याचदा घडी ठरलेली: थोडेसे रुग्ण, दोन गट, दोघांनाही सोबत व्यायाम. दोन्ही गट सुधारतात. मग श्रेय कोणाचं, हे कळायला मार्ग नसतो, कारण बंद मशीनचा तिसरा गट कोणी ठेवलेलाच नसतो.

तो गट अमेरिकेत रिचर्ड डेयो यांनी ठेवला होता, १९९० मध्ये. जुनाट कंबरदुखीचे १४५ रुग्ण. काहींना खरं टेन्स, काहींना हुबेहूब दिसणारं पण करंट नसलेलं. दोन्हींतल्या निम्म्यांना व्यायामही. महिन्याभराने खऱ्या मशीनवाल्यांचं दुखणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी झालेलं, खोट्यावाल्यांचं ४२ टक्क्यांनी. म्हणजे फरक नाहीच म्हणा. गंमत म्हणजे खोटं मशीन मिळालेल्यांपैकी ८४ टक्के लोकांना आपलं मशीन चालू आहे असंच वाटत होतं. व्यायामवाले मात्र खरोखर सरस ठरले. पण दोन महिन्यांनी पाहिलं, तर बहुतेकांनी व्यायाम सोडला होता आणि फायदाही ओसरला होता. मला या अभ्यासातला हा शेवटचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच कोणी सांगत नाही.

पुढे एकेक दार बंद होत गेलं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या मेंदूविकार तज्ज्ञांच्या अकादमीने जुनाट कंबरदुखीसाठी टेन्सची शिफारस करता येत नाही असं म्हटलं. २०१२ मध्ये तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने त्याचे पैसे देण्यात हात आखडता घेतला. २०१६ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने टेन्स, आयएफटी, अल्ट्रासाउंड, तिन्ही नको म्हणून सांगितलं. आणि डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेनेही टेन्स, अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शन आणि कंबरपट्टा नित्याच्या उपचारांतून वगळायला सांगितलं. परळच्या शाळेला हातभार लावणारी हीच संघटना.

तरीही करंटला निव्वळ थोतांड म्हणणं अन्याय होईल. २०२२ मध्ये सर्व प्रकारच्या वेदनांवरच्या ३८१ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा मशीन चालू असताना आणि लगेच नंतर दुखणं कमी होतं असंच दिसलं. म्हणजे पडद्यामागचा माणूस ‘बरं वाटतंय’ म्हणतो ते खोटं नाही. पण ते पार्किंगमधल्या गाडीपर्यंत टिकतं की घरापर्यंत, एवढाच प्रश्न.

क्लिनिकचं गणित वेगळं असतं. फी सिटिंगची असते. ‘रोज अर्धा तास चाला, हे चार व्यायाम करा’ एवढंच सांगून पैसे घेतले, तर पेशंट म्हणतो, हे तर मला आईनेही सांगितलं असतं. इथले अनेक तरुण फिजिओ आता आधी व्यायाम करून घेतात आणि पेशंटचं मन राखायला शेवटी दहा मिनिटं करंट लावतात. मला त्यात गैर वाटत नाही. काळजी वाटते ती ऑनलाइन येणाऱ्या घरगुती मशीनची. ते विकणारा पेसमेकर आहे का, गरोदर आहात का, मधुमेहाने कातडी बधिर झाली आहे का, यातलं काही विचारत नाही. आणि ज्यांना हे मशीन चालतं, ते सोफ्यावर आडवे पडून लावतात. खिशात मावेल इतकं लहान केलेलं यंत्र कंबरेला लावून एखादा बंगळुरूच्या लालबाग उद्यानात फेरी मारताना दिसला, तर त्याला मी अडवणार नाही.