खाण मागताय? मग श्रावणात या!

लोणावळ्याकडे दगडाच्या मोठ्या खाणीला पर्यावरण मंजुरी हवी असेल, तर आधी त्या जागेवर काय काय उगवतं ते सांगावं लागतं. झाडांसाठी दहा मीटरची चौकट, झुडपांसाठी पाचची आणि रानरोपांसाठी अवघी एक मीटरची. मोजणाऱ्याची कंबर मोडते ती या शेवटच्या चौकटीपाशीच.

गंमत पुढे आहे. केंद्राच्या ठरलेल्या अटींनुसार ‘पावसाळा सोडून’ एका हंगामाची पाहणी चालते, आणि लोणावळ्याची रानरोपं जगतात पावसाळ्यात! ऑक्टोबरात गेलात तर निदान सोनकी तरी भेटेल. एप्रिलमध्ये तापलेला कातळ आणि गाजरगवत. अशा यादीला माझ्या लेखी शून्य मार्क.

जूनमध्ये ठाकर-कातकरी बायका जी फोडशी खुडून बाजारात आणतात, तीही उन्हाळ्यात जमिनीखाली झोपलेली असते.

कातळावर ओल धरली की सीतेची आसवं फुलतात. जांभळी, नखाएवढी फुलं. वाकून पाहिलं तर फारच सोज्वळ. चिखलाखाली मात्र शिकारखाना! या रोपाला खरी मुळं नाहीतच. आहेत त्या टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या. सूक्ष्म जीव केसाला धक्का लावतो, झडप उघडते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत तो पाण्यासकट आत.

कंदीलपुष्प त्या मानानं दयाळू. माशीला नळीत कोंडतं, आतले केस सुकले की परागकण चिकटवून सोडून देतं.

ही रोपं नोंदवली कुणी? १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश लिहिणारे थिओडोर कूक मुळात इंजिनिअर. आधी वसईचा रेल्वेपूल, मग पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य. खंडाळ्याच्या वनस्पतींवर १९५३ साली ग्रंथ काढला तो फादर सांतापाव या स्पॅनिश जेझुइटांनी. म्हणजे तुलनेला जुनी यादी तयार आहे, उघडायचे कष्ट तेवढे घ्या.

आणि ज्यासाठी ही खाण, तो दगड? कार्ले-भाज्याची लेणी ज्यात कोरली तोच काळा बेसॉल्ट. आता त्याची खडी होते.

मोजणाऱ्याची खरी फजिती करतो तो सापकांदा. पहिल्या पावसात फणा काढतो. कांदा बारीक असेल तर फूल नर, पोसला की मादी, वर्ष वाईट गेलं की पुन्हा नर! पाहणीच्या तक्त्यात मात्र त्याला एकच रकाना.