पद्मिनीचं हेड : आधी मोजा, मग घासा

आजच्या भागात एका जुन्या इंजिनाबद्दल बोलू. मुंबईच्या काळीपिवळीमुळे घराघरात माहीत झालेली प्रीमियर पद्मिनी. मूळची इटलीची फियाट 1100, बनायची कुर्ल्याला. इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी प्रोजेक्टसाठी याच गाडीचं सिलिंडर हेड दुरुस्त केलं. गाडी माझ्या काकांची. रेडिएटरचं पाणी कमी व्हायचं आणि इंजिन ऑइल दुधाळ झालं होतं, म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरत होतं. काकांनी सांगूनच टाकलं होतं, "हेडला तडा निघाला तर गाडी भंगारात."

आता हेड म्हणजे काय? सिलिंडरवरचं झाकण म्हणा. पण याच झाकणातून इंजिन श्वास घेतं आणि सोडतं. व्हॉल्व्ह, स्पार्क प्लग, पाण्याच्या वाटा, सगळं यातच. पद्मिनीत खालचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. गोम इथेच आहे.

तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. हिशोब करून बघा. 300 मिलिमीटर लांबीचा तुकडा 80 अंशांनी तापला तर अॅल्युमिनियम अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त वाढतं, बीड पाव मिलिमीटर. नेहमीच्या तापमानाला हे चालून जातं. पण गाडी उकळली की बोल्टने जखडलेल्या हेडला पसरायला जागाच उरत नाही. मग ते वाकतं आणि गॅस्केट उडतं.

म्हणून हेड उतरवल्यावर पहिलं काम मोजायचं. पृष्ठभाग साफ करून त्यावर सरळ पट्टी उभी धरली आणि खालून फिलर गेजची पाती सरकवून पाहिली. मधोमध 0.15 मिलिमीटरची पाती आत गेली. म्हणजे हेड वाकलं होतं. तडा मात्र डोळ्यांना दिसत नाही. मशीन शॉपमध्ये पाण्याच्या वाटा बंद करून आत हवेचा दाब दिला आणि हेड पाण्यात बुडवलं. एकही बुडबुडा आला नाही. गाडी वाचली!

मग फेसिंग. आम्ही फक्त 0.2 मिलिमीटर काढायला सांगितलं. कारण काढलेला धातू परत येत नाही. सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर आहे, त्यामुळे एवढ्या घासण्याने दहनकक्ष जास्तीत जास्त पाऊण सीसीने लहान होतो. तेवढं चालतं. पण दरवेळी घासत गेलं तर कॉम्प्रेशन वाढत जातं आणि इंजिन ठोकायला लागतं.

पुढे व्हॉल्व्ह. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटमधून हेडमध्ये जाते. सीट नीट बसली नाही तर गॅस गळतो, उष्णताही जात नाही आणि व्हॉल्व्ह जळतो. जुन्या गाड्यांचं आणखी एक दुखणं आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि त्याचा थर सीटची झीज रोखायचा. आपल्याकडे 2000 साली शिशाचं पेट्रोल बंद झालं. म्हणून झिजलेल्या एक्झॉस्ट सीट काढून आम्ही कडक धातूच्या रिंगा बसवून घेतल्या. मग ग्राइंडिंग पेस्ट लावून, काठी दोन्ही तळव्यांत फिरवत, एकेक व्हॉल्व्ह सीटवर घासला. चारी बाजूंनी सारखी करडी पट्टी उमटली की थांबायचं.

खात्री करायची युक्ती स्वस्त आहे. प्लग आणि व्हॉल्व्ह बसवून हेड उलटं ठेवा, दहनकक्षात रॉकेल ओता आणि दहा मिनिटं थांबा. पोर्टमध्ये ओल दिसली तर पुन्हा घासा.

बसवताना बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच आवळायचे. एका टोकापासून सुरुवात केली तर नवं सरळ हेडसुद्धा ताणलं जातं. शेवटी टॅपेटची फट लावायची.

विद्यार्थी मित्रांनो, अशा कामाला महागडं मशीन लागत नाही. सरळ पट्टी, फिलर गेज, टॉर्क रेंच आणि भरपूर सबुरी. मशीनचं काम मशीन शॉपवाल्याकडून करून घ्या, पण किती घासायचं हे मोजून तुम्हीच ठरवा. आज एवढंच. तुमच्या घरी अशी एखादी गाडी झाकून ठेवली असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!