रक्त गोठू न देणारी औषधे : मात्रा, मोजणी आणि नोंद

जखम झाली की काही मिनिटांत रक्त गोठते व रक्तस्राव थांबतो. ही निसर्गाने शरीराला दिलेली संरक्षक व्यवस्था होय. परंतु हीच क्रिया नको त्या ठिकाणी घडली, तर ती प्राणावर बेतते. पायाच्या शिरेत धरलेली गुठळी सुटून फुप्फुसात अडकते. हृदयातील गुठळी मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. हे टाळण्यासाठी जी औषधे दिली जातात, त्यांना सर्वसाधारणपणे ‘रक्त पातळ करणारी औषधे’ म्हणतात. वस्तुत: त्यांच्यामुळे रक्त पातळ होत नाही, ते गोठण्यास विलंब लागतो, एवढेच. मात्रा कमी पडली तर गुठळी आणि अधिक झाली तर रक्तस्राव, असे हे दुहेरी संकट आहे. म्हणूनच या औषधांची जबाबदारी एकट्या डॉक्टरांवर सोपवून चालत नाही. परिचारिका, औषधनिर्माते, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि आरोग्यसेविका या सर्वांचा तीत वाटा आहे.

गुरांच्या रोगातून लागलेला शोध

१९२० नंतरच्या दशकात अमेरिका व कॅनडा येथे कुजलेले ‘स्वीट क्लोव्हर’ गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने दगावू लागली. १९३३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक यांच्याकडे एका शेतकऱ्याने अशा गायीचे न गोठणारे रक्त आणून दिले. त्यांच्या प्रयोगशाळेतील संशोधनातून प्रथम डायकुमरॉल व पुढे वॉरफरिन ही द्रव्ये हाती आली. वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीरनाशक म्हणून बाजारात आले, तर १९५४ मध्ये अमेरिकेत माणसांवरील उपचारासाठी त्यास मान्यता मिळाली. एकच द्रव्य विषही ठरते आणि औषधही. भेद आहे तो मात्रेचा.

रक्तचाचणीचे महत्त्व

संधिवाताच्या तापामुळे हृदयाच्या झडपा निकामी झालेले रुग्ण आपल्या देशात पुष्कळ आहेत. ज्यांना धातूची कृत्रिम झडप बसविली जाते, त्यांना वॉरफरिन अथवा असेनोकुमॅरॉल ही गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळीचा परिणाम ‘आय. एन. आर.’ या रक्तचाचणीने मोजतात. निरोगी माणसात हा आकडा सुमारे १ असतो. औषध घेणाऱ्या बहुतेक रुग्णांत तो २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. हृदयाच्या डाव्या बाजूच्या द्विदल झडपेच्या जागी धातूची झडप असल्यास सामान्यत: २.५ ते ३.५. उपचाराच्या आरंभी ही चाचणी वरचेवर, तर मात्रा स्थिरावल्यावर अधिक अंतराने करतात.

स्थिरावलेली मात्राही इतर कारणांनी बिघडू शकते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनमुळे गोळीचा परिणाम घटतो, म्हणून मात्रा वाढवावी लागते. क्षयरोगाचा उपचार संपल्यावर वाढविलेली मात्रा तशीच चालू राहिली, तर काही आठवड्यांत रक्तस्रावाचा धोका उद्भवतो. याउलट जुलाबावर सर्रास दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोलमुळे परिणाम वाढतो. अंगदुखीवरील डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन यांनीही रक्तस्रावाची शक्यता वाढते. स्नायूत सुई टोचल्यास तेथे रक्त साकळू शकते. म्हणून नवे औषध देण्यापूर्वी ‘रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे काय?’ हा प्रश्न प्रत्येक दवाखान्यात विचारला जाणे अगत्याचे आहे.

मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध कार्य करते. तथापि भाज्या वर्ज्य करण्याचे कारण नाही. त्यांचे प्रमाण रोजच्या आहारात साधारण सारखे असावे.

रुग्णालयातील दक्षता

रुग्णालयात शिरेतून किंवा त्वचेखाली दिले जाणारे हेपॅरिन हे औषध ‘एकक’ या मापाने मोजतात व ते निरनिराळ्या तीव्रतेच्या कुप्यांत मिळते. २००६ साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथील एका रुग्णालयात सौम्य कुप्यांच्या जागी सारख्याच दिसणाऱ्या तीव्र कुप्या ठेवल्या गेल्या. नवजात बालकांना हजारपट तीव्र औषध दिले गेले व तीन बालके दगावली. यावरून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. निरनिराळ्या तीव्रतेच्या कुप्या वेगळ्या जागी ठेवाव्यात. मात्रा लिहिताना ‘एकक’ हा शब्द पूर्ण लिहावा. औषध देण्यापूर्वी दोन परिचारिकांनी स्वतंत्रपणे हिशेब पडताळावा. हेपॅरिनवरील उतारा प्रोटामिन व वॉरफरिनवरील उतारा ‘के’ जीवनसत्त्व होय. ते कोठे ठेवले आहेत, हे पाळीवरील प्रत्येकास ठाऊक असावे.

डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान या नव्या औषधांना वारंवार ‘आय. एन. आर.’ चाचणी लागत नाही. मात्र मूत्रपिंडाचे कार्य तपासावे लागते, गोळी चुकली की संरक्षण लवकर ओसरते आणि धातूची झडप असलेल्यांना ती चालत नाहीत.

गावपातळीवरील कर्तव्य

शहरात शस्त्रक्रिया झालेला रुग्ण अखेर आपल्या गावी परततो. त्याच्यासोबत एक नोंदपत्रक असावे. त्यावर औषधाचे नाव, मिलिग्रॅममधील मात्रा, औषध घेण्याचे कारण, मागील चाचणीचा आकडा आणि पुढील चाचणीची तारीख असावी. गोळी रंगावरून ओळखू नये. आरोग्यसेविकेने गृहभेटीत हे पत्रक पाहावे. चाचणीची तारीख टळली असल्यास पंचायत सदस्यांना वाहनाची सोय करून देता येईल.

हिरड्यांतून रक्त, काळी शौच, लाल लघवी, अंगावर काळेनिळे डाग, अकस्मात तीव्र डोकेदुखी ही रक्तस्रावाची लक्षणे होत. तोंड वाकडे होणे, वाचा अडखळणे, धम लागणे किंवा धातूच्या झडपेची नेहमीची टिकटिक मंदावणे ही गुठळीची लक्षणे असू शकतात. दोन्ही प्रसंगी विनाविलंब रुग्णालय गाठावे. अशा विद्यार्थ्याच्या डोक्यास मार लागल्यास, जखम दिसत नसली तरी, शिक्षकांनी त्यास त्वरित तपासणीस न्यावे. दात काढावयाचा असला तरी गोळी परस्पर बंद करू नये. वॉरफरिन गर्भास अपायकारक ठरू शकते. म्हणून विवाहित स्त्रियांनी अपत्याचा विचार करतानाच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

यांतील बहुतेक उपायांस मोठा खर्च येत नाही. चाचणी वेळेवर झाली, आकडा लिहिला गेला आणि पुढच्या माणसाने तो वाचला, तर महागड्या शस्त्रक्रियेने वाचविलेले जीवन गावातही सुरक्षित राहू शकेल.