चुकीमागचा विचार

इल्म हासिल करणे फर्ज आहे, असे आपण मुलांना सांगतो. पण चुकण्याची मुभा देतो का?

दुसरीच्या वर्गात, घरी अम्मीकडून उर्दू शिकलेल्या एका मुलीने पंचवीसचे ५२ लिहिले. आम्ही लाल फुली मारली. नंतर ती वहीच उघडेना. अखेर जवळ बसवून विचारले, "बेटा, कसं लिहिलंस?" ती म्हणाली, "आधी दोन, मग त्याच्या डावीकडे पाच. उर्दू असंच लिहितात ना?"

उत्तर चुकले होते, पण ते विचार करून लिहिले होते. उर्दूत अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात, अंक मात्र डावीकडून उजवीकडे. शिवाय 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो. ही अडचण ओळखूनच २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असे वाचनही आले.

तेव्हापासून आम्ही फुली मारण्याआधी 'कसं केलंस?' असे विचारतो. त्या मुलीची वही पुन्हा उघडायला महिना लागला. पालकांनो, आज घरी 'किती मार्क मिळाले?' याआधी हाच प्रश्न विचारून पाहा. मूल बोलू लागेल, इन्शाअल्लाह.