प्रवेशिकांची शेवटची तारीख

पहिली सूचना महाविद्यालयाच्या फलकावर लागली ती २०१४ च्या ऑक्टोबरात. विद्यार्थ्यांनी स्वतः केलेले दहा मिनिटांपर्यंतचे लघुपट हवेत, विषयाचं बंधन नाही, मोबाइलवर केलेला चालेल, प्रवेश फी नाही, शेवटची तारीख १५ डिसेंबर. एवढाच मजकूर होता. त्यात एक गोष्ट चुकली होती, आणि ती माझ्या ध्यानात यायला पाच वर्षं गेली.

त्या वर्षी लघुपट महोत्सव डोक्यात येण्याला कारण होतं. फेब्रुवारीत नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ आला होता. जालन्यात पोरं एकदा पाहून पुन्हा पाहायला गेली, आणि वर्गात त्यातल्या शेवटच्या दृश्यातल्या दगडावर वाद घालू लागली. मी त्यांना मंजुळेंच्या आधीच्या ‘पिस्तुल्या’बद्दल सांगितलं. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा एक जण अहमदनगरला संज्ञापन शिकायला जातो, विद्यार्थी असताना एक लघुपट करतो आणि त्याला दिग्दर्शकाच्या पहिल्या लघुपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळतो, हे ऐकून मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “सर, जेऊर तर आपल्या परतूरएवढंच असंल की.” ते वाक्य मला त्या वर्षभर पुरलं.

लांबचं उदाहरण द्यायची खरं तर गरजच नव्हती. २०१२ मध्ये ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ रंगमंचावर आलं होतं. ते लिहिणारे राजकुमार तांगडे घनसावंगी तालुक्यातल्या जांबसमर्थचे, शेती करणारे. नाटकातली कितीतरी मंडळीही इथल्याच मातीतली. नंदू माधव यांनी ते बसवलं आणि महाराष्ट्रभर त्याचे प्रयोग झाले. म्हणजे गोष्ट सांगणारी माणसं जिल्ह्यात होती. कॅमेरा तेवढा बाहेरून यायचा. २०१२-१३ च्या दुष्काळात तो आला, भेगाळलेली जमीन आणि टँकरभोवतीच्या घागरी घेऊन गेला. पुढे २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनावेळी अंतरवाली सराटीला आला, तेव्हाही आठवडाभर गावात उभं राहायला जागा नव्हती. बातमी संपली की कॅमेरा निघून जातो. मागे राहतात त्यांच्या हातात कॅमेरा असावा, एवढ्याचसाठी ही सगळी खटपट होती.

पहिल्या वर्षी अकरा पेन ड्राइव्ह आले. दोन उघडलेच नाहीत. उरलेल्या नवांपैकी सहा लघुपट शेतकरी आत्महत्येवर होते, आणि सहाही जवळपास सारखेच: वाळलेलं रान, कपाळाला हात लावून बसलेला बाप, पुरुषभर उंचीवरून लोंबणारा दोर, मागे इंटरनेटवरून उचललेली बासरी. परीक्षक म्हणून बोलावलेले पाहुणे जरा कंटाळले. मला मात्र त्या पोरांचा राग आला नाही. स्वतःच्या बापाचं जे एकच चित्र त्यांनी पडद्यावर पाहिलेलं होतं, तेच त्यांनी पुन्हा काढलं होतं. दुसऱ्या वर्षीच्या सूचनेत आम्ही एक ओळ घातली: ‘तुमच्या घरात किंवा गल्लीत रोज घडतं, पण पाहुण्याला दाखवायचं तुम्हाला सुचत नाही, असं काहीतरी दाखवा.’ त्या एका ओळीने प्रवेशिकांचा नूर पालटला. एकाने स्टील कारखान्यातून पाळी संपवून येणाऱ्या मोठ्या भावाचा डबा दाखवला, एकीने घाणेवाडीच्या पाण्याची वाट पाहणारी गल्ली. आवाहन कसं लिहावं याकडे आयोजक फारसं लक्ष देत नाहीत. पाहुण्यांची नावं आणि बक्षिसाची रक्कम ठळक झाली की काम झालं असं धरतात. पण पोरगं सूचना वाचूनच ठरवतं की आपल्याजवळचं यांना चालेल की नाही.

२०१६ नंतर स्वस्त डेटा आला, बरे मोबाइल आले, आणि चित्र एकदम सुधारलं. आवाज मात्र सुधारला नाही. सभागृहात लोक मान खाली घालू लागायचे ते आवाजामुळे. चित्र अंधूक असलं तर माणूस डोळे ताणून पाहतो, पण संवाद वाऱ्यात उडाला की तो उठून जातो. हे मी दरवर्षी सांगत आलो.

एक लघुपट इथे सांगितलाच पाहिजे. बदनापूरकडचा मुलगा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा. शेतीपंपाला वीज त्यांच्याकडे आठवड्यात काही दिवस रात्री यायची. बाप दीडला उठतो, बॅटरी घेतो, विहिरीवर जातो, स्टार्टर दाबतो, पाणी बाऱ्यावर फिरवतो आणि पहाटे चिखलाच्या पायांनी घरी येतो. एवढंच, सात मिनिटं, एकही संवाद नाही. पहिल्या संकलनात चित्राला दाणे आले होते ते ठीक, पण सगळीकडे माइकवर आपटणारा वारा. मी म्हटलं, आवाज पुन्हा घे. त्याने गोण्यांच्या खोलीत दारं लावली, डोक्यावरून दोन गोधड्या घेतल्या आणि मोबाइलवर एकेक आवाज नोंदवला: परातीतल्या ओल्या मातीत पाय, खाटेची करकर, बॅटरीचं बटण, स्टार्टरची खट्‌ अशी कळ. पंपाचा घुर्र आवाज तेवढा विहिरीवर जाऊन, वारा पडल्यावर. मुंबई-पुण्यातले स्टुडिओ ज्यासाठी तासावर पैसे घेतात ते त्याने आजीच्या गोधडीत केलं. सभागृहात स्टार्टर दाबला गेला तेव्हा मागून कुणीतरी नकळत म्हणालं, “आली लाइट.”

बाकीचे धडे थोडक्यात सांगतो. प्रमाणपत्र नसलेला चित्रपट जाहीरपणे दाखवायचा तर सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते, हे आम्ही बाहेरच्या प्रवेशिका घेऊ लागलो तेव्हा शिकलो. उचललेलं संगीत चालणार नाही हा नियम केला तेव्हा नाराजी झाली, पण गावातले हलगीवाले आणि भजनी मंडळ त्यामुळेच लघुपटांत आले. आणि नाकारलेल्या प्रत्येक प्रवेशिकेला निदान पाच ओळींचं उत्तर द्यायचंच, हे मी कुणालाही मोडू दिलं नाही. तीन महिने राबलेल्या पोराला नुसती निवड यादी दाखवून परत पाठवणं मला जमत नाही.

आता त्या चुकलेल्या तारखेविषयी. २०१९ च्या डिसेंबरात भोकरदन तालुक्यातल्या एका मुलीचा लघुपट आला. जालन्याला बियाण्यांचं गाव म्हणतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको उभी केली आणि पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण संकरित बी ज्या बोटांतून तयार होतं ती पडद्यावर कुणी पाहिली नव्हती. या मुलीची आई कापसाच्या सीड प्लॉटवर क्रॉसिंगला जायची. अंगठ्याचं नख त्यासाठी वाढवलेलं. मुलीने ते नखच जवळून टिपलं होतं: उद्या उमलणारी कळी धरायची, नख फिरवून पाकळ्या आणि पुंकेसर एका झटक्यात उतरवायचे, आतली नाजूक कुक्षी दुखवायची नाही, वर लाल कागदाची पिशवी घालायची. दुसऱ्या दिवशी नराचं फूल आणून चार-पाच कळ्यांना पराग लावायचा आणि खूण म्हणून दोरा बांधायचा.

मला तो फार आवडला. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून, रोज थोडंथोडं चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा एवढासा चित्रपट केला, आणि तो दाखवूनच ‘राजा हरिश्चंद्र’साठी कर्ज मिळवलं. फाळक्यांच्या सिनेमाची सुरुवातच एका बीपासून झालेली. ती गोष्ट जालन्याच्या पोरीने पुढे नेली असं मी जानेवारीतल्या प्रदर्शनाआधी भरल्या सभागृहात म्हणालो. तिची आई तिसऱ्या रांगेत बसली होती. लघुपट संपल्यावर टाळ्या झाल्या आणि बाई लेकीला म्हणाल्या, “हे दुपारचं हाय. दुपारी पराग लावत नसतेत. अन् ही फुलं तर हंगाम सरल्यावरची, यांना बोंड धरायचं न्हाई.”

मुलगी खाली मान घालून म्हणाली, “सूचनाच ऑक्टोबरात लागली, सर. तोवर क्रॉसिंग उरकलं होतं. शेवटची चार झाडं राहिली होती. कॉलेज सुटल्यावर जाऊन घेतलं.”

रात्री घरी येऊन मी मागच्या वर्षांचे लघुपट पुन्हा लावले. सगळीकडे वाळलेल्या पऱ्हाट्या, तोडलेली मका, उघडी ढेकळं. मी समजत होतो पोरांना दुष्काळाशिवाय काही दिसत नाही. दिसणार कुठून? आम्ही त्यांना दरवर्षी रान रिकामं झाल्यावरच कॅमेरा उचलायला सांगत होतो. आमची तारीख परीक्षेचं वेळापत्रक, सभागृहाची मोकळीक आणि पाहुण्यांची सोय बघून ठरलेली होती. पेरणी, पोळा, क्रॉसिंग यांच्याशी तिची एकदाही गाठ पडली नव्हती.

तेव्हापासून सूचना जूनमध्ये लागते, महाविद्यालय उघडलं की पहिल्या आठवड्यात. शेवटची तारीख जानेवारीअखेर. म्हणजे एका प्रवेशिकेत पूर्ण खरीप मावतो. पहिल्या दोन वर्षांत प्रवेशिका घटल्या, कारण इतका वेळ मिळाला की काही जण सुरूच करीत नाहीत. तेही मी पाहिलं. पण आलेल्या लघुपटांत पहिल्यांदा हिरवा रंग होता, आणि पाऊस.

त्या मुलीने २०२० च्या खरिपात पुन्हा चित्रण केलं. टाळेबंदीमुळे कॉलेज बंद, ती घरीच. आईबरोबर रोज प्लॉटवर जायची. दोन वर्षं प्रदर्शन झालं नाही. २०२२ मध्ये सभागृह उघडलं तेव्हा बाई पुन्हा आल्या आणि या वेळी पहिल्या रांगेत बसल्या. पडद्यावर लाल पिशवी निघाली, नराचं पिवळं फूल कुक्षीवर हलकेच टेकलं, नखाला परागाची पूड चिकटलेली दिसली. बाई पुढे झुकून पानांवरची उन्हाची तिरीप बघत होत्या.

“नऊचा सुमार दिसायलाय,” त्या म्हणाल्या.

“साडेनऊ,” मुलगी म्हणाली.