आवडता अल्बम आणि आपली प्रार्थना : ख्रिस्ती रॉक संगीताशी जडलेले श्रोत्यांचे नाते

संत अगस्तीन यांनी इ. स. ३८७ मध्ये मिलान नगरीत बाप्तिस्मा स्वीकारला. त्या दिवसांत ख्रिस्तमंदिरात गायली जाणारी स्तोत्रे ऐकताना आपल्या डोळ्यांतून अश्रू वाहत, असे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनपर ग्रंथात लिहून ठेवले आहे. त्याच ग्रंथात पुढे मात्र ते सावधगिरीची एक नोंद करतात : गीतातील आशयापेक्षा गायनानेच मन अधिक हेलावले, तर तो आपला दोष होय, असे त्यांना वाटते. संगीताने विश्वासाला ओलावा मिळतो, आणि संगीतच कधी विश्वासाची जागा घेऊ पाहते. या थोर संताने या दोन्ही गोष्टी स्वतः अनुभवल्या होत्या.

सोळाशे वर्षांनंतर तोच प्रश्न गिटार आणि ड्रमच्या साथीने पुन्हा उभा राहिला. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या अखेरीस 'ख्रिस्ती रॉक' हा संगीतप्रकार जन्माला आला. या संगीताचे श्रोते आपल्या आवडत्या अल्बमविषयी बोलू लागले की चालींची किंवा वाद्यांची चर्चा लवकरच मागे पडते. अमुक अल्बमने आपल्याला आजारपणात धीर दिला, तमुक अल्बम ऐकत आपण वडिलांच्या मृत्यूचे दुःख सोसले, अशा आठवणी पुढे येतात. हे नाते कसे जडते, त्याचे मोल काय आणि त्याची मर्यादा कोणती, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

'या खडकावर'

ख्रिस्ती रॉकचा उगम कॅलिफोर्नियातील 'जीझस मूव्हमेंट' या चळवळीत सापडतो. हिप्पी जीवनशैलीत वावरणारे अनेक तरुण त्या काळात प्रभू येशूकडे वळले आणि येताना आपले संगीतही घेऊन आले. लॅरी नॉर्मन यांचा 'अपॉन धिस रॉक' हा अल्बम १९६९ साली कॅपिटल रेकॉर्ड्स या कंपनीने प्रकाशित केला. या प्रकारातील पहिला अल्बम म्हणून पुष्कळदा त्याचाच उल्लेख होतो. त्याच्या शीर्षकात एक गंमतीदार श्लेष आहे. प्रभूने पेत्राला उद्देशून काढलेले 'या खडकावर' हे शब्द (मत्तय १६:१८) आणि रॉक संगीत, असे दोन्ही अर्थ त्यात एकत्र आले आहेत. नॉर्मन यांच्याच १९७२ सालच्या 'ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट' या अल्बमला पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या २०१३ सालच्या यादीत स्थान दिले.

प्रारंभी मात्र या गायकांचे स्वागत झाले नाही. अनेक प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांना हे संगीत सैतानाचे साधन वाटे. दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध उपदेशक जिमी स्वॅगर्ट यांनी १९८७ साली एका पुस्तकात त्याला मेंढराच्या वेशातील लांडगा म्हटले. दुसरीकडे, रॉक संगीताच्या जगाला हे गायक फारच सोवळे वाटत. म्हणजे हे संगीत आवडणाऱ्या तरुणाकडे मंडळीतील वडीलधारे संशयाने पाहत आणि शाळेतील सवंगडी त्याची थट्टा करीत. अशा एकटेपणात जो अल्बम सोबतीला असे, तो जिवलग मित्रासारखा वाटल्यास नवल नाही. श्रोत्यांच्या या जिव्हाळ्याचे एक मूळ येथे आहे.

अल्बम आपलासा का होतो?

दुसरे कारण ऐकण्याच्या रीतीत आहे. कॅसेटच्या काळात एखादे गीत गाळून पुढे जाणे कटकटीचे असे. श्रोता पहिल्या गीतापासून शेवटच्या गीतापर्यंत अल्बम क्रमाने ऐकत असे. सोबतच्या पुस्तिकेत छापलेले शब्द वाचत असे. हेच शेकडो वेळा घडले की ते शब्द पाठ होतात, आणि पाठ झालेले शब्द गरजेच्या वेळी आपोआप ओठांवर येतात. जपमाळेची रहस्ये आपल्याला लहानपणापासून अशीच क्रमाने अवगत झाली आहेत. आज इंटरनेटवरून सुटी सुटी गीते ऐकली जातात, तरीही ज्यांना एखादा अल्बम खरोखर भावतो ते तो सलगच ऐकतात.

तिसरे कारण प्रसंगाचे आहे. अल्बम आपल्या आयुष्यात केव्हा येतो, यावर बरेच अवलंबून असते. सॅन डिएगो येथील 'पी. ओ. डी.' या वाद्यवृंदाचा 'सॅटेलाइट' हा अल्बम ११ सप्टेंबर २००१ या दिवशी प्रकाशित झाला. न्यूयॉर्क व वॉशिंग्टनवर दहशतवादी हल्ले झाले तो हाच दिवस. जीवनाबद्दल कृतज्ञता व्यक्त करणारे 'अलाइव्ह' हे त्यातील गीत त्या शोकाकुल महिन्यांत अमेरिकन तरुण ऐकत होते. त्याच अल्बममधील 'यूथ ऑफ द नेशन' या गीतामागे मार्च २००१ मध्ये सॅन डिएगोजवळच्या सँटी गावातील शाळेत झालेल्या गोळीबाराची वेदना होती. गीते लिहिताना गायकांना पुढची घटना ठाऊक नव्हती. परंतु ज्याने तो अल्बम त्या दिवसांत ऐकला, त्याच्या मनात गीत आणि प्रसंग कायमचे एकत्र गुंफले गेले.

काही वेळा गायकाचे वागणेच श्रोत्याला स्पर्शून जाते. कीथ ग्रीन यांनी १९८० साली आपला 'सो यू वॉना गो बॅक टू ईजिप्त' हा अल्बम ज्याला जेवढे शक्य असेल तेवढ्या मोबदल्यात दिला. पैसे नसतील त्याला तो विनामूल्यही मिळे. दोन वर्षांनी, २८ जुलै १९८२ रोजी, टेक्सासमधील विमान अपघातात ग्रीन आणि त्यांची दोन लहान मुले मृत्युमुखी पडली. तो अल्बम ज्यांना भेटीदाखल मिळाला होता, त्यांच्यासाठी ती केवळ विकत घेतलेली वस्तू राहिली नाही.

उपासनेच्या क्रमाने गुंफलेली गीते

कॅथलिक वाचकांच्या दृष्टीने या साऱ्यांत विशेष लक्षणीय आहे तो रिच मलिन्स यांचा 'अ लिटर्जी, अ लेगसी अँड अ रॅगमफिन बँड' हा १९९३ सालचा अल्बम. इंडियाना राज्यात १९५५ साली जन्मलेले मलिन्स क्वेकर आणि अन्य प्रॉटेस्टंट परंपरेत वाढले. त्यांचे १९८८ सालचे 'ऑसम गॉड' हे गीत जगभरच्या इंग्रजी प्रार्थनासभांतून गायले गेले. आपल्यापैकीही अनेकांनी ते ऐकले असेल. या अल्बमचा पहिला भाग मात्र त्यांनी चक्क उपासनाविधीच्या धर्तीवर रचला. त्यात यशयाच्या ग्रंथातील ५२व्या अध्यायाच्या दहाव्या वचनावर आधारलेले गीत आहे, सृष्टीची स्तुती आहे, पापाशी झगडणाऱ्या माणसाची विनवणी आहे, त्यानंतर विश्वासांगीकार आहे आणि शेवटी प्रभुभोजनाच्या वेळचा शांतीचा आशीर्वाद आहे.

यातील 'क्रीड' या गीतात प्रेषितांचा विश्वासांगीकार जवळजवळ जसाच्या तसा आहे. त्याला जोडलेल्या ध्रुवपदाचा भाव असा, की हा विश्वास मी घडवलेला नाही, तोच मला घडवीत आहे. या विचाराचे मूळ जी. के. चेस्टरटन यांच्या 'ऑर्थोडॉक्सी' (१९०८) या ग्रंथात आढळते. चेस्टरटन यांनी पुढे १९२२ साली कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. विश्वासांगीकार हा ज्यांच्या उपासनेचा नेहमीचा भाग नव्हता, अशा कितीतरी तरुणांना तो या गीतामुळे मुखोद्गत झाला. आपण तो मिस्सामध्ये म्हणतो आणि पुष्कळदा सवयीने म्हणतो. एका परक्या परंपरेतील गायकाने तो इतक्या ओढीने गावा, ही गोष्ट आपल्याला अंतर्मुख करणारी आहे.

मलिन्स यांच्या श्रोत्यांना त्यांच्याविषयी वाटणाऱ्या आपुलकीचे आणखी एक कारण म्हणजे त्यांचा प्रामाणिकपणा. 'होल्ड मी, जीझस' हे गीत आपल्या प्रवासातील मोहाच्या एका रात्रीतून उमलले, हे ते कार्यक्रमात उघडपणे सांगत. संत फ्रान्सिस असिसीकर हे त्यांचे आवडते संत. अमेरिकेतील सामान्य कामगाराला सरासरी जेवढे वेतन मिळते तेवढेच स्वतःसाठी घेऊन बाकीची मिळकत सत्कार्याला द्यावी, अशी व्यवस्था त्यांनी केली होती. अखेरची वर्षे ते न्यू मेक्सिको राज्यात नॅव्हाहो आदिवासींच्या वस्तीत राहून मुलांना संगीत शिकवीत.

अखेरची कॅसेट

सप्टेंबर १९९७ मध्ये मलिन्स यांनी एका ओसाड चर्चमध्ये बसून साध्या टेपरेकॉर्डरवर नऊ गीते ध्वनिमुद्रित केली. प्रभू येशूच्या जीवनावरील नव्या अल्बमचा तो कच्चा आराखडा होता. त्यानंतर नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबर रोजी, इलिनॉय राज्यातील रस्ता अपघातात वयाच्या ४१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या काळात ते मिस्साला जात असत आणि कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश करण्याच्या दृष्टीने शिक्षण घेत होते. तो प्रवेशविधी होण्याआधीच मृत्यूने त्यांना गाठले.

त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली 'द जीझस रेकॉर्ड' हा अल्बम प्रकाशित केला. त्याच्या एका तबकडीवर तीच नऊ गीते सहकाऱ्यांनी पूर्ण साजासह सादर केली आहेत, तर दुसऱ्या तबकडीवर मूळ कॅसेटचे खरखरीत ध्वनिमुद्रण जसेच्या तसे आहे. सफाईदार आवृत्ती हाताशी असूनही अनेक श्रोते त्या खरखरीत कॅसेटकडेच पुन्हा पुन्हा वळतात. त्यांना तिथे एक माणूस एकांतात आपल्या प्रभूविषयी गाताना ऐकू येतो. श्रोत्यांना अल्बममध्ये काय हवे असते, हे यावरून उमगते. त्यांना प्रार्थना करणाऱ्या माणसाची सोबत हवी असते.

नात्याची मर्यादा

संत अगस्तीन यांचा इशारा येथे विसरून चालणार नाही. गायक हा अखेर माणूस आहे. ख्रिस्ती संगीताच्या क्षेत्रातील काही नामवंत मंडळी नैतिकदृष्ट्या घसरली, तर काहींनी विश्वासाचाच त्याग केला. अशी बातमी कानी आली की त्यांची गीते ऐकत वाढलेल्या श्रोत्यांचे मन विदीर्ण होते. मी त्या गीताच्या आधाराने केलेली प्रार्थनाही खोटी होती का, असा प्रश्न त्यांना छळतो. आमचे उत्तर स्पष्ट आहे : नाही. प्रार्थना ज्याच्याकडे केली त्याने ती ऐकली आहे. गीत लिहिणाऱ्याच्या पतनामुळे ती पुसली जात नाही. मात्र ज्याने गायकालाच आधारस्तंभ मानले, त्याचा आधार त्या गायकाबरोबर कोसळतो. म्हणून या नात्याचा पाया वेळीच तपासून पाहणे आवश्यक आहे.

ख्रिस्तसभेने उपासनाविधी आणि वैयक्तिक भक्ती यांत नेहमीच विवेक राखला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ सालच्या उपासनाविषयक संविधानात ग्रेगोरियन गायनाला रोमन उपासनेत अग्रस्थान दिले आणि त्याचबरोबर लोकांच्या भक्तिगायनालाही उत्तेजन द्यावे असे सांगितले. कार्डिनल रॅटझिंगर, म्हणजेच पुढे झालेले पोप बेनेडिक्ट सोळावे, यांनी 'द स्पिरिट ऑफ द लिटर्जी' (२०००) या ग्रंथात रॉक संगीत हे ख्रिस्ती उपासनेच्या वृत्तीला विरोधी असल्याचे परखडपणे मांडले. दुसरीकडे, मलिन्स यांच्या निधनानंतर आठच दिवसांनी, २७ सप्टेंबर १९९७ रोजी, इटलीतील बोलोन्या येथे पोप जॉन पॉल दुसरे यांच्यासमोर बॉब डिलन यांनी गायन केले, आणि पोपमहोदयांनी डिलन यांच्याच गीतातील वाऱ्याच्या प्रतिमेचा आधार घेऊन तरुणांना पवित्र आत्म्याविषयी सांगितले. या दोन भूमिका एकमेकींना छेद देतात असे आम्हाला वाटत नाही. वेदीपाशी काय गावे हा एक प्रश्न आहे, आणि तरुणाच्या मनाशी कोणत्या शब्दांत बोलावे हा दुसरा.

आपल्या घरात, आपल्या धर्मग्रामात

फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'साठी ओवी हा येथल्या लोकांच्या कानांत रुळलेला छंद निवडला. लोक ज्या लयीत भावना व्यक्त करतात त्या लयीत शुभवर्तमान सांगावे, ही दृष्टी आपल्याला नवी नाही. तेव्हा आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या कानाला इयरफोन दिसला आणि त्यातून ड्रमचा आवाज आला, की लगेच कपाळाला आठ्या घालण्याचे कारण नाही. तुला यातले कोणते गीत सर्वांत जवळचे वाटते? ते तुला केव्हा भेटले? ते ऐकताना तू देवाला काय सांगतोस? हे तीन प्रश्न शांतपणे विचारून पाहावेत. घरातल्या मुलाचे जे दुःख वर्षभर कोणाला कळले नाही, ते कदाचित अशा एखाद्या उत्तरातून आपल्याला कळेल.

धर्मग्रामातील युवा मेळाव्यातही एखाद्या संध्याकाळी प्रत्येकाने आपल्या आवडत्या अल्बमविषयी बोलावे, असा उपक्रम सहज घेता येईल. तेथे वाद्यांची समीक्षा नको. त्या अल्बमने आपल्याला कोणती प्रार्थना शिकवली, एवढेच प्रत्येकाने सांगावे. एकट्याने जपलेली गोष्ट अशा रीतीने समुदायाची होते.

श्रोत्यांनीही आपल्या मनाला एक प्रश्न विचारावा. हा अल्बम संपल्यावर मी कोठे जातो? तो मला शुभवर्तमानाकडे, पवित्र मिस्साकडे, दुखावलेल्या शेजाऱ्याकडे नेत असेल, तर ती देवाची देणगी समजून कृतज्ञतेने ऐकावी. तो मला माझ्याच भावनांत गुंतवून ठेवीत असेल, तर काही दिवस तो बाजूला ठेवून शांततेत प्रार्थना करावी. मिलानच्या ख्रिस्तमंदिरात अश्रू ढाळणारे संत अगस्तीन गायनापाशी थांबले नाहीत. ते बाप्तिस्म्याच्या कुंडापर्यंत गेले आणि पुढे आयुष्यभर ख्रिस्तसभेची सेवा करीत राहिले. आपल्या आवडत्या गीतांनीही आपल्याला त्याच वाटेने न्यावे, हीच आमची प्रार्थना.